ग्रीन ऑक्साइड : घ्यायचं कसं, तपासायचं कसं, कट्ट्याला लावायचं कसं

पावसाळा संपल्यावर बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या घराचा कट्टा बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय रे, हिरवा केलता नव्हं हा? ह्याला कावीळ झाली काय?" खरंच तसाच दिसत होता. मधला भाग पिवळट, त्यावर पांढरे ढब्बे, आणि भिंतीकडच्या वीतभर पट्टीत तेवढा हिरवा शिल्लक. एका चातुर्मासात ही हालत. आणि तिकडं जांबोटीकडं आमचं आजोळ आहे, तिथल्या सोप्यातली हिरवी जमीन मामाच्या लग्नाच्या आधीची, तिच्यावर धान्याची पोती ओढली, पोरं लोळली, वर्षानुवर्षं राकेलचा बोळा फिरला, तरी कपाट सरकवलं तर कपाटाखालचा हिरवा आणि बाहेरचा हिरवा सारखाच.

दोन्ही ठिकाणी सिमेंटला हिरवं करणारी पावडर, "ग्रीन ऑक्साइड"च घातलेलं. म्हणजे मला तरी दुकानात तेच सांगून दिलं होतं. "हसिरु बण्णा", म्हणजे कन्नडात हिरवा रंग, म्हणून सुट्टं कागदात बांधून दिलं, मीही बघितलं नाही. गंमत म्हणजे मी उद्यमबागेत बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चकाकी आणायच्या शेडमध्ये काम करतो, रोज हिरव्या वडीनं स्टीलचे पार्ट घासतो, संध्याकाळी नाकातून हिरवं निघतं, म्हणजे खरं ग्रीन ऑक्साइड, ज्याला क्रोम ऑक्साइड म्हणतात, ते मी दिवसभर अंगावर घेऊन फिरालोय आणि घराला घालताना फसलो. म्हणून दुसऱ्यांदा कट्टा करताना जे जे बघितलं, तपासलं, ते सगळं लिहून ठेवालोय.

आधी हे आहे काय ते. क्रोमियम आणि ऑक्सिजन, दोन क्रोमियम तीन ऑक्सिजन, सीआर-टू-ओ-थ्री. क्रोमियम हा धातू १७९७ मध्ये फ्रान्सच्या वोकलँ नावाच्या केमिस्टनं सायबेरियातल्या एका तांबड्या खनिजातून शोधला, आणि त्याचे क्षार एवढ्या रंगांचे निघाले की ग्रीक भाषेतला रंगाचा शब्दच त्याला नाव म्हणून दिला. आपल्याकडं ह्याचं खनिज म्हणजे क्रोमाइट, काळं असतंय, बहुतेक सगळं ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून येतंय, कर्नाटकात हासन जिल्ह्यातही त्याचे साठे आहेत. फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी क्रोमाइट सॅंड बघितली असेल, ती तीच काळी वाळू. ती भट्टीत सोड्याबरोबर भाजून आधी नारिंगी डायक्रोमेट करतात आणि मग ते गंधक नाहीतर कोळशाबरोबर तापवून हिरवं ऑक्साइड करतात.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना सरांनी टेबलावर ज्वालामुखी करून दाखवला होता, आठवतंय का कुणाला? नारिंगी पावडरचा छोटा डोंगर, त्याला काडी लावली की ठिणग्या उडत उडत हिरवी राख फुलून वर येते, मूठभर पावडरची परातभर राख. ती राख म्हणजेच हे क्रोम ऑक्साइड. आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो, पण ती नारिंगी पावडर चांगलीच विषारी असते, कॅन्सर करणारी, तेव्हा यूट्यूब बघून घरी करायला जाऊ नका.

ही हिरवी पावडर एवढी टिकते कशी, तर ती आधीच जळून, भाजून तयार झालेली. पाण्यात विरघळत नाही, चुन्यानं बिघडत नाही, साध्या ॲसिडला दाद देत नाही, उन्हानं उडत नाही. वितळायला २४०० डिग्रीच्या वर तापवावं लागतंय. कडक एवढी की काचेवर चरा पाडेल, म्हणून तर आम्ही तिनं स्टील घासतो. आणि जड, पाण्याच्या पाचपट. ह्या एवढ्या गुणांवरच सगळ्या टेस्टा आहेत.

रंगाचं पण एक सांगतो, नाहीतर नंतर नाराज व्हाल. खरं क्रोम ऑक्साइड पोपटी नसतंय. मंद, जरा मळकट, अंगानं भरीव हिरवं. कॅम्पात जुन्या सामानाच्या दुकानात मिलिटरीच्या ट्रंका असतात ना, त्या बाजूचा रंग. मिलिटरीवाल्यांना तो आवडायचं कारणही आहे, झाडाचं पान जसे डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण परत फेकतं तसंच हे ऑक्साइडही फेकतंय, म्हणून इन्फ्रारेडवाल्या दुर्बिणीला ते पाल्यात मिसळून जातं आणि कॅमोफ्लाजच्या रंगात घालतात. तेव्हा दुकानदारानं पुडी उघडली आणि आत लगीनघरच्या मांडवासारखं झगझगीत हिरवं दिसलं तर तिथंच शंका घ्या.

ह्याच घरातला अजून एक भाऊ आहे, व्हिरिडियन. त्यात ऑक्साइडबरोबर पाणी बांधलेलं असतंय, रंग निळसर, थंड, आणि पारदर्शक. १८५९ मध्ये गिनये नावाच्या फ्रेंच माणसानं त्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि चित्रकारांची सोय झाली, कारण त्याच्या आधी झगझगीत हिरवा पाहिजे तर सोमलाचा हिरवा वापरायला लागायचा, अक्षरशः विष. व्हिरिडियन कॅनव्हासला भारी, पण सिमेंटला नको, महाग पडतं आणि पारदर्शक असल्यानं सिमेंट झाकत नाही.

आणि आता मुख्य घोळ. "क्रोम ग्रीन" आणि "क्रोम ऑक्साइड ग्रीन" हे एक नव्हे! क्रोम ग्रीन म्हणजे पिवळा लेड क्रोमेट आणि निळा प्रशियन ब्लू कालवून केलेला हिरवा. त्यात शिसं आलं, आणि तो निळा चुन्यात टिकतच नाही, सिमेंट ओलं असताना त्यातला चुना त्या निळ्याला खाऊन टाकतो आणि मागं पिवळा राहतो. म्हणजे काकूंनी कावीळ म्हटली ती बरोबरच होती की! तिसरा प्रकार म्हणजे खडूच्या भुकटीत फ्थॅलो ग्रीन नावाचा कार्बनवाला रंग चिमूटभर घालून हिरवी केलेली पुडी. ती चुन्याला टिकते पण उघड्यावर ऊन-पाऊस खाऊन फिकी होत जाते. तिन्ही पुड्या दुकानात ग्रीनच.

पाकिटावर बघायचं तर पिगमेंट ग्रीन १७ किंवा सीआय ७७२८८ हा नंबर शोधा. व्हिरिडियनला पिगमेंट ग्रीन १८ आणि ७७२८९. नंबर नसेल, सुट्टं असेल, तर आधी १०० ग्रॅम आणा आणि घरी तपासा. लाल ऑक्साइडपेक्षा हे कितीतरी महाग असतंय, म्हणून दोन्ही एकाच भावात मिळालेत म्हणून खूश होऊन घरी येऊ नका, मी तसाच खूश होऊन आलतो.

पहिली टेस्ट पाण्याची. काचेचा ग्लास, त्यात चमचाभर पावडर, चांगलं ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी खाली हिरवा थर आणि वर नितळ पाणी पाहिजे. पाणी हिरवंच राहिलं तर त्यात डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग आहे. आणि पाण्याला पिवळी झाक आली तर ती पुडी घरातच ठेवू नका, कारण ऑक्साइड करताना उरलेलं क्रोमेट नीट धुतलं नाही की ते असं पाण्यात उतरतं, आणि तेच ते विषारी क्रोमियम. मी तीन दुकानांतून तीन पुड्या आणून खिडकीत तीन ग्लास मांडले होते, बायको म्हणाली घराची लॅब केलीस, पण सकाळी तिलाच आधी दिसलं, एका ग्लासात वर दुधी ढग तसाच तरंगालाय आणि एकात दोन बोटं हिरवा गाळ बसून वरचं पाणी पिण्यासारखं. पिऊ नका अर्थात.

दुसरी लिंबाची. बशीत चिमूटभर पावडर, वर लिंबू पिळा. फसफसलं तर खडू आहे. खरं ऑक्साइड ढिम्म हलत नाही. माझी दुधी ढगवाली पुडी इनोसारखी फसफसली.

तिसरी चुन्याची आणि ही सगळ्यात महत्त्वाची. पानपट्टीवरचा चुना आणा, त्यात पावडर कालवा, फरशीच्या तुकड्यावर जाड फासा आणि तीन-चार दिवस उन्हात ठेवा, मधे मधे पाणी शिंपडा. अर्धा तुकडा कागदानं झाका म्हणजे फरक कळेल. प्रशियन ब्लू असेल तर हिरव्याचा पिवळा-तपकिरी व्हायला लागतो. माझी जुन्या कट्ट्याची उरलेली पुडी दुसऱ्याच दिवशी पिवळी पडली, म्हणजे १५ रुपयांच्या चुन्यानं जे कळलं असतं ते कळायला मी आख्खा कट्टा घातला.

चौथी आगीची, आणि ही वरच्या तिन्ही टेस्टात पास झालेल्या पुडीचीच करायची, कारण चुन्यात नापास झालेल्या पुडीत शिसं असू शकतं, तिचा धूर नको. स्टीलच्या जुन्या चमच्यावर अगदी चिमूटभर, घराबाहेर, वारा पाठीवर घेऊन उभं राहून लायटरवर धरा. खरं ऑक्साइड हिरवंच राहतं. फ्थॅलो असेल तर काळं पडून वास मारतं. चमचा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही, हे मी मुद्दाम लिहालोय, आमच्यात ह्यावरून झालंय.

आता कट्टा. माझा कट्टा १० फूट बाय ३ फूट, म्हणजे ३० चौरस फूट. वरच्या रंगाच्या थरासाठी १० किलो पांढरं सिमेंट, १० किलो बारीक मार्बल पावडर आणि ७०० ग्रॅम ऑक्साइड घेतलं, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या ७ टक्के. ४ मिलिमीटर थराला हे पुरतं, थोडं उरतं. ५ टक्क्यांच्या खाली रंग फिका येतो, १० च्या वर जायचं नाही, कारण ऑक्साइड काय सिमेंट नव्हे, ते काही धरत नाही, जास्त झालं की वरचा थर भुगा होऊन पायाला लागतो. गवंड्याला "अजून जरा घाला की" म्हणायचा मोह होतोच, आवरा. पांढरं सिमेंट म्हणजे सिमेंटच, भिंतीची पुट्टी नव्हे, दुकानात दोन्ही पोती शेजारी शेजारी असतात आणि पोरगं पुट्टी उचलून देतंय. साधं राखाडी सिमेंट चालतं, पण मग रंग अजून मळका, शेवाळी येतो. आजोळची जमीन राखाडीतलीच आहे आणि मला तीच जास्त आवडते, पण बायकोनं पांढरं म्हटलं, विषय संपला.

कालवायचं कोरडंच, आणि सगळं एकाच वेळी. हा एक मुद्दा गवंड्याला दोनदा सांगा. त्यांची सवय घमेलं-घमेलं करायची, आणि मग प्रत्येक घमेल्याची शेड वेगळी येते. सिमेंट आणि ऑक्साइड आधी हातानं मिसळून पिठाच्या चाळणीतून तीन-चारदा चाळून काढा. चाळल्यावर चिमूटभर पांढऱ्या कागदावर ठेवून बोटानं दाबून ओढा, हिरवी रेघ उमटली तर अजून गुठळ्या आहेत, परत चाळा. एकसारखी फिकट हिरवी ओढ आली की मग मार्बल पावडर घाला. हा भाग करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे पाहिजेतच. ह्यातला एक ग्लासभर कोरडा माल हवाबंद बरणीत काढून ठेवा, पुढं कधी टवका उडाला तर त्याच शेडचा माल परत मिळणार नाही.

खालचा बेड जुना असेल तर छिन्नीनं टोचून खडबडीत करा, झाडून धुवा, आदल्या रात्री पाणी मारून भिजवून ठेवा. त्यावर एकास तीनचा साधा सिमेंट-वाळूचा थर इंचाच्या आत, लेव्हल करून, वर झाडूनं जरा रेघा ओढून. तीन-साडेतीन फुटांवर काचेच्या पट्ट्या उभ्या बसवा, नाहीतर भेगा आपल्या मनानं जागा शोधतात. हा थर ओला-घट्ट असताना, म्हणजे अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण रुतत नाही अशा वेळी, वर रंगाचा थर घालायचा. पाणी मोजून घाला, सगळ्या मालाला एकच माप. वीस किलो मालाला मला साडेचार लिटरच्या आसपास लागलं. पाणी कमी-जास्त झालं तरी शेड बदलते, जास्त पाणी फिकट.

मग पोलादी थापी. पहिल्यांदा पसरून दाबायचं, पाणी वर आलं की थांबायचं, चहा प्यायचा, चकाकी मेली की परत थापी, असं तीन वेळा. शेवटच्या फेरीला थापी जवळजवळ आडवी धरून जोरानं ओढली की आवाज बदलतो, खर्रर्र जाऊन सुंईं असा येतो, बैलहोंगलकडचे आमचे मेस्त्री म्हणाले तो आवाज आला की झालं. पाणी लवकर सुकावं म्हणून वर कोरडं सिमेंट भुरभुरवायची गवंड्यांची सवय असते, ती करू देऊ नका, पांढरे ढब्बे त्यानंच येतात. आणि एकच थापी जास्त घासत बसली तर लोखंड उतरून काळे डाग पडतात, फिकट रंगात ते दिसतात.

दुसऱ्या दिवसापासून पाणी. ओलं गोणपाट सरळ वर टाकू नका, त्याच्या विणीचा ठसा आणि तपकिरी डाग बसतो. आजोबा करायचे ते बरं, कडेनं मातीचा बांध घालून दोन बोटं पाणी साठवायचं, ७ ते १० दिवस. कट्ट्याला तीन बाजूंनी बांध टिकत नाही, म्हणून मी ओला केलेला कट्टा प्लास्टिकनं ताणून झाकला आणि दिवसातून दोनदा पाणी मारलं. प्लास्टिकला सुरकुती राहिली तर तिथं शेड बदलते. माझ्या कट्ट्यावर कोपऱ्यात एक सुरकुती आहे, मुलगी तिला मलप्रभा नदी म्हणते.

सुकल्यावर पांढरा खार फुटेल, घाबरू नका, रंग उडालेला नसतो, सिमेंटमधला चुना वर येतोय. महिनाभर नुसतं पुसत राहा, राहिलाच तर एक वाटी व्हिनेगर दहा वाट्या पाण्यात घालून पुसा आणि लगेच साध्या पाण्यानं धुवा. मग खोबरेल तेलाचा हात, जुन्या सुती धोतरानं घासून. आठवडाभर जरा निसरडं असतंय, म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा.

काम करताना हाताला खाज सुटली, चट्टे उठले तर लोक हिरव्या पावडरला शिव्या घालतात. पण ते बहुतेकदा सिमेंट असतंय. साध्या राखाडी सिमेंटमध्येही ते दुसऱ्या जातीचं, सहा वालं (हेक्झाव्हॅलंट) म्हणजे तेच विषारी क्रोमियम अगदी थोडं असतं आणि गवंड्यांच्या हाताचा जुनाट इसब त्यानं होतो, युरोपात तर ओल्या सिमेंटमध्ये ते २ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत दोन भागांच्या वर चालत नाही असा कायदा आहे. हिरवं ऑक्साइड तीन वालं, न विरघळणारं, त्या मानानं गरीब. फक्त त्याची धूळ फुप्फुसात नको, आणि चुना किंवा सोड्याबरोबर कालवून ते भट्टीत नाहीतर चुलीत टाकायचं नाही, जास्त उष्णतेत ते उलटं फिरून परत पिवळं क्रोमेट होऊ शकतं. उरलेला माल गटारात ओतू नका, थिजवून डबरात टाका.

तुळशी वृंदावनाला हेच ऑक्साइड चुन्यात घालून देता येतं. पाच किलो भिजवलेल्या चुन्याला पावशेर पावडर, वाटीभर फेव्हिकॉल, गाळून तीन पातळ हात. फक्त जड असल्यानं ते सारखं तळाला बसतं, म्हणून दर दोन मिनिटांनी काठी फिरवत राहा, नाहीतर वृंदावन वरून पांढरं आणि खाली गर्द.

विळी किंवा सुरीला धार लावायची तर चामड्याचा जुना पट्टा लाकडी फळीला चिकटवा, वर हिरवी बफिंगची वडी क्रेयॉनसारखी घासा, आणि दगडावर धार काढून झाल्यावर पातं धारेच्या उलट दिशेनं, म्हणजे पाठ पुढं आणि धार मागं, दहा-पंधरा वेळा ओढा. धार पुढं करून ओढली तर चामडं कापेल. मेव्हण्यानं कापलंय. नंतर पातं धुतल्याशिवाय भाजीला लावू नका. वडीत मेणही असतं, म्हणून ती वितळवून सिमेंटला घालायची आयडिया कुणी काढत असेल तर तिथंच सोडा, आमच्या शेडमध्ये एकानं काढली होती.

वैनी घरी साबण करतात, त्यांना पण हेच दिलं, साबणातल्या कॉस्टिक सोड्यात बाकीचे हिरवे बदलतात, हे बदलत नाही. पण तिथं कॉस्मेटिक ग्रेडचंच घ्यायचं, सिमेंटवालं नाही, आणि ओठांच्या कशातच नाही.

खानापूरकडं कुंभारकाम शिकलेल्यांना हे ग्लेझमधून, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या झिलईतून माहीत असेलच. शेकडा १-२ भाग घातलं तरी गच्च हिरवं येतं. पण ग्लेझमध्ये जस्त असेल तर हिरव्याऐवजी तपकिरी, आणि कथिल असेल तर चक्क गुलाबी. जास्त तापलेल्या भट्टीत क्रोमियमची वाफ उडून शेजारच्या कथलाच्या पांढऱ्या ग्लेझच्या भांड्याला पण गुलाबी झाक देते, म्हणून हिरवी आणि पांढरी भांडी लांब लांब लावा.

नव्या कट्ट्यावरून एक पावसाळा गेलाय. भिंतीकडचा आणि पागोळीखालचा रंग एकच आहे, फक्त पागोळी पडते तिथं शेवाळ धरलंय, ते पण हिरवंच असल्यानं काकूंना अजून दिसलेलं नाही. खराट्यानं ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात घासलं की निघतं, कट्ट्याला काही होत नाही.